तक्रारीच्या सोबतीला

“मंग मॅडमलाच न्या सोबतीला. त्या तशाबी बोलत न्हाईत.”

काचेच्या पलीकडे सेल्सची माणसं हसली. मी स्क्रीनवरून नजर हलवली नाही. नवीन जालन्यातल्या त्या बियाणे कंपनीत मला लागून फार दिवस झाले नव्हते. मुख्य कार्यालयासाठी इंग्रजीत स्लाइड बनवणं हे माझं काम. त्या आठवड्यात वेगळंच काम आलं होतं. आपली सेल्स टीम म्हणजे कोण, हे पाच वाक्यांत लिहायचं होतं. ती वाक्यं फ्रेम होऊन प्रत्येक ऑफिसच्या भिंतीवर लागणार होती. माझी दोन झाली होती, आणि ती साबणाच्या कंपनीलाही चालली असती.

सोबतीला जायची पद्धत मी ऐकून होते. बियाणं उगवलं नाही अशी तक्रार आली, की ज्यानं ते विकलं तो शेतावर जायचा, पण एकटा कधीच नाही. बरोबर दुसरा कुणीतरी असायचा. बोलायचं विकणाऱ्यानं. सोबतच्यानं तिथे तोंड उघडायचं नाही, फक्त ऐकायचं. त्या दिवशी इतरांच्या फिरत्या ठरलेल्या होत्या, म्हणून सगळ्यात जुने सेल्समन, ज्यांना ऑफिसात काका म्हणतात, ते माझ्या टेबलाशी आले. “चलता का, मॅडम? कुंभार पिंपळगावला जाऊन येऊ.”

तक्रार केलेले एक शेतकरी बांधावर वाट बघत होते, काकांच्याच वयाचे. मला बघून म्हणाले, “आज बाईमाणूस आणलं व्हय? म्या शिव्या देऊ न्हाई म्हणून?”

“द्या की बिनधास्त. इंग्रजी शाळेतल्या हायेत त्या. आपल्या शिव्या त्यांना समजत न्हाईत.”

मला सगळ्या समजल्या.

कपाशीच्या ओळी जागोजागी तुटलेल्या होत्या. काका ओल, खोली, पावसाचा खंड असं एकेक कारण सांगत गेले आणि प्रत्येक कारणाला त्यांना चढ्या आवाजात उत्तर मिळत गेलं. शेवटी, बघतो काय करता येतं ते, असं म्हणून आम्ही निघालो.

गाडी गावाबाहेर आल्यावर काका म्हणाले, “हां, सांगा. काय म्हणले ते?”

मला वाटलं, माझी चेष्टा चालली आहे. “तुम्ही होतात ना तिथे.”

“मी उत्तरं शोधून राह्यल्तो. मला कुठं ऐकू येतंय?”

मग मी सांगितलं. बियाण्याबद्दल ते थोडंच बोलले होते. मुलानं दुसऱ्या कंपनीचं घ्या म्हटलं होतं आणि यांनी हट्टानं आमचं घेतलं, हे मात्र सारखं येत होतं. मुलगा विहिरीपाशी उभा होता. तुमची लावायची पद्धत चुकली असं काका म्हणाले, तेव्हा त्या माणसानं काकांकडे पाहिलंच नाही, मुलाकडे पाहिलं.

पुढच्या फाट्यावर काकांनी गाडी परत शेताकडे वळवली.

या वेळी ते सरळ विहिरीपाशी गेले आणि मुलाला म्हणाले, “तुझ्या बापानं बराबर लावल्तं. बिलकुल चूक न्हाई. मालच आमचा हलका निघाला. पाकिटं बदलून देतो, रिकाम्या जागा जल्दी भरून घ्या.” शेतकरी मागे उभे राहून ऐकत होते. थोड्या वेळानं त्यांनी मुलाला चहा सांगायला घरी पाठवलं.

दोन दिवसांनी मुख्य कार्यालयातले नवे साहेब मीटिंगला आले. माणूस वाईट नव्हता, सगळ्यांशी हात मिळवून बोलला. पण गाड्यांचा खर्च कमी करायचं काम त्यांच्यावर होतं. एका तक्रारीला दोन माणसं कशाला, असं त्यांनी विचारलं. पुढच्या महिन्यापासून एकानंच जायचं, शेताचा फोटो ॲपवर टाकायचा, दुसऱ्यानं त्या वेळात विक्री करायची.

मी काकांकडे पाहिलं. ते चहाचा कप फिरवत होते. बाकीचे आपापल्या वह्यांत बघत होते. जालना ते शहागड रोज फिरणारी, दुकानदारांशी तासन्‌तास हुज्जत घालणारी ही माणसं. पण सोबतीला जायच्या या पद्धतीची बाजू मांडायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नसावी. ते ती पाळत आले होते, इतकंच. आणि कुणी काही बोललं नाही, तर आजच ती संपणार होती.

“ती पाच वाक्यं झाली ना?” साहेबांनी मला विचारलं. “वाचून दाखवा.”

माझ्यासमोर स्लाइड उघडी होती. पाचही वाक्यं तयार होती, चांगल्या इंग्रजीत. सगळे माझ्याकडे बघत होते. शाळेत उत्तर येत असूनही मी हात वर करत नसे. मी लॅपटॉप मिटला.

“सर, तक्रारीला आम्ही एकटे जात नाही,” मी म्हणाले. “एक बोलायला लागतो आणि एक ऐकायला. हे बंद होणार असेल, तर आमच्या भिंतीवर काय लिहायचं ते मला माहीत नाही.”