खांद्याचा मलम

आमच्या घरात औषध कधीच एका माणसाचं नसतं. वडिलांच्या खोकल्याची बाटली आम्ही भावंडांनी मिळून संपवली आहे. आईच्या डोळ्यांचे थेंब माझ्या दुखऱ्या कानात पडले आहेत. एकाला गुण आला की औषध घराचं झालं, मग ज्याचं जे दुखेल त्याने ते तिथे लावावं. हे मला लहानपणापासून माहीत होतं, तरी मी करू नये तेच केलं. म्हणून या सगळ्या प्रकरणातला पहिला वैताग माझा माझ्यावरच आहे.

पन्नाशी उलटली आणि मी थकायला लागलो. वरठीला कारखान्यात शिफ्ट, गावापासून मोटारसायकलने अर्धा तास, त्यात नवं काही नव्हतं. पण आता गाडी स्टँडवर लावतानाही दम लागायचा. जेवलो की खुर्चीतच डोळा लागायचा. चिडचिड अशी, की पंखा आवाज करतो म्हणून पंख्याशी भांडावं. नवरा-बायकोत जे असतं ते कधी बंद पडलं हेही आठवत नव्हतं. सोबतचे म्हणत, वय झालं. त्यातल्याच एकाने रस्त्याकडेच्या तंबूतून वैदूची पुडी आणून दिली. तिने दोन दिवस पोट तेवढं बिघडवलं.

शेवटी रजा टाकून नागपूर गाठलं. डॉक्टरांनी दोनदा, सकाळी-सकाळी रक्त घेतलं आणि सांगितलं की टेस्टोस्टेरॉन फार कमी आहे, बाहेरून द्यावं लागेल. इंजेक्शन घ्या म्हणाले, गावातच कोणाकडून टोचून घेता येईल. इथेच घोडं अडलं. गावात सुई टोचणारा कंपाउंडर एकच, आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. माझं काय कमी आहे याची चर्चा संध्याकाळी पानठेल्यावर झाली असती. मी म्हटलं, दुसरं काही द्या. मग जेलच्या पुड्या मिळाल्या. रोज आंघोळीनंतर एक पुडी खांद्यांना चोळायची, वाळू द्यायची, हात धुवायचे. दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं, कारण या औषधाने रक्त घट्ट होऊ शकतं, प्रोस्टेटवरही लक्ष ठेवावं लागतं. आणि घरातल्या बायकांना, लेकरांना ते अजिबात लागू द्यायचं नाही.

पहिल्याच दिवशी बायकोने विचारलं, "हे काय लावून राहिले?"

"मलम हाय. खांदा दुखते."

इतकंच बोललो. सव्वीस वर्षांच्या संसारात मी तिला याहून मोठं खोटं सांगितलं असेल, पण इतकं महागात कुठलंच पडलं नाही. खरं सांगायला जीभच वळली नाही. ज्या बाईने माझी कावीळ काढली, हागवण काढली, तिच्यापुढे हे एवढं सांगायची लाज वाटावी, याला काय म्हणावं!

औषध लागू पडलं, हे मात्र कबूल केलं पाहिजे. दोन-तीन महिन्यांत अंगात जीव आला. पायऱ्या चढायला लागलो, पंख्याशी भांडण मिटलं. बाकीची इच्छाही परत आली. पण डॉक्टरांनी "लागू देऊ नका" म्हटलेलं डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं, की मी बनियनवर शर्ट चढवून झोपायचो, तेही वेगळ्या खाटेवर. ज्या औषधाने बायकोजवळ जायची इच्छा परत आणली, त्याच औषधापायी मी खाट पलीकडच्या भिंतीला नेली. ती बिचारी काय समजत असेल, हे मी विचारलंच नाही. पुड्या महिना भरायच्या आधीच संपायच्या, त्याचाही मला वेगळाच अर्थ लागला. नागपूरच्या औषध दुकानदाराशी मी दोनदा तोंड वाजवलं की डब्यात पुड्या कमी भरता. तो डब्यावर छापलेला आकडा दाखवत राहिला.

पावसाळ्यात रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाला. आमची थोडी धानाची बांधी आहे. बायको दरवर्षी रोवणाऱ्या बायांसोबत चिखलात उतरते आणि गाणं तीच धरते. ती पहिली ओळ म्हणणार आणि मग बाकीच्या उचलणार. त्या वर्षी तिने ओळ धरली आणि आवाज फाटला. पुरुषासारखा जाड आवाज निघाला. बाया हसल्या, तीही हसली, आणि मग गाणं दुसरीने धरलं. घरी आल्यावर ती आरशापुढे बराच वेळ उभी होती. हनुवटीवर केस आले होते, ते ती चिमट्याने उपटत होती. शेजारणी म्हणाल्या, पाळी जायचं वय आहे, होते असं.

मला ते पटलं नाही, म्हणून मी तिला भंडाऱ्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर त्यांनी चष्मा काढला. पुरुषांचं हार्मोन हिच्या अंगात भलतंच वाढलं आहे, म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून विचारलं, "घरात कोणी हार्मोनचं औषध वापरतं का? जेल, क्रीम, काही?"

मी म्हणालो, "नाही."

बायको शेजारच्या खुर्चीवर बसली होती. मी मनाशी म्हटलं, आपण तर वेगळ्या खाटेवर झोपतो, आपलं हिला लागणार कुठून? कारण दिसायला चोख होतं. खरं कारण एवढंच, की तिच्यासमोर तोंड उघडायचं नव्हतं.

"मग स्कॅन करावं लागेल," बाई म्हणाल्या. "अंडाशयात किंवा किडनीच्या वर गाठ असू शकते."

परतताना गाडीवर मागून तिचा तो जाड आवाज आला, "गाठ म्हणजे कँसरच ना?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. स्कॅन चार दिवसांनी होतं. त्या चार दिवसांत तिने मला बियाण्याची कोठी दाखवली, कोणत्या धानाचं कोणतं पोतं ते सांगितलं. गॅसचं पुस्तक कुठे आहे ते सांगितलं. लेकीला फोन करू नका म्हणाली, ती सासरी उगाच रडत बसेल. मी सगळ्याला हो म्हणत होतो आणि सकाळी न चुकता खांद्यांना जेल चोळत होतो.

स्कॅनच्या आदल्या दिवशी मला कात्री हवी होती. ती खिडकीतल्या बिस्किटाच्या डब्यात असते. डबा उघडला. कात्रीखाली माझ्याच पुड्या होत्या. टूथपेस्टची संपलेली ट्यूब कापतो तशा उभ्या कापलेल्या, आतून बोटाने पुसून घेतलेल्या. त्यांच्यासोबत दोन न फोडलेल्याही होत्या.

"हे काय हाय?"

"तुमचा मलम," ती सहज म्हणाली. "तुमी त अर्धा पुडीतच ठेवून फेकून देता. कापली का बोटभर निघते. काम जास्त असलं का मंग एखादी आख्खी घेतो. टोंगळ्याले लावून राहिली मी, हिवाळ्यापासून."

"गुडघ्याला फरक पडते?" मी मूर्खासारखं विचारलं.

"टोंगळ्याले काही नाही. पण थकवा कमी वाटते."

मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. मलम कसला, नागपूरला कशासाठी गेलो होतो, वेगळी खाट का टाकली, सगळं. तिने पहिलं विचारलं ते एवढंच, "म्हणजे मले गाठ नाही?"

"बहुतेक नाही."

तिने ती कापलेली पुडी उलटीसुलटी करून पाहिली. मग म्हणाली, "डाक्टरीणबाईनं इचारलं तवा तुमी नाही म्हणाले."

"हो."

"चार दिवस मी मरून राहिली होती."

ती रडेल, निदान शिव्या तरी देईल असं वाटलं होतं. ती शांतपणे बोलत राहिली, आणि ते मला जास्त लागलं. "तुमाले थकवा आला त तुमी नागपूर गाठलं. मी त लगन झालं तवापासून थकून हाय. मले कोणी इचारलं का, काहून थकते म्हणून?"

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तिच्यासमोरच मी सांगितलं, हार्मोनचं औषध माझं आहे. बाईंनी मला जे सुनावलं ते माझ्या लायकीचंच होतं. तरीही स्कॅन करून घेतलं, गाठ नव्हती. केस हळूहळू कमी होतील, म्हणाल्या, आवाजाचं सांगता येत नाही. बायको म्हणाली, "बाई, मले थकवा येते, त्याचं पण पाहा." तेव्हा कुठे तिचं हिमोग्लोबिन पहिल्यांदा तपासलं गेलं. माझं रक्त घट्ट तर होत नाही ना, याची नागपुरात कधीपासून काळजी वाहिली जात होती. इकडे तिच्या अंगात रक्तच नव्हतं.

यंदाच्या रोवण्याला गाणं पुन्हा तिनेच धरलं. आवाज तसाच जाड आहे. मी बांधीच्या धुऱ्यावर उभा होतो, मान वर करून बघायची हिंमत झाली नाही. माझ्या पुड्या आता कपाटात कुलपात असतात, आणि रिकाम्या झाल्या की मी स्वतः जाळतो. तिच्या लोहाच्या गोळ्या मात्र स्वयंपाकघरात, देवाच्या फोटोखाली उघड्यावर असतात. परवा मला जरा चक्कर आल्यासारखं झालं, म्हणून सवयीने हात त्या पाकिटाकडे गेला.

"ठेवा ते," चुलीपासून ती म्हणाली. "ते घराचं औषध नाही. ते माहं हाय."