सासऱ्यांच्या रायफलची सळी

सासरे गेल्यावर त्यांची पॉइंट टू-टू रायफल माझ्या नावावर झाली. गव्हाणच्या भातशेतीत रानडुकरं उतरायची, तेव्हाचा तो परवाना. वारसांपैकी कोणीतरी घ्या, नाहीतर जमा करा, असं पोलीस ठाण्यात सांगितलं, तेव्हा माझा नवरा आणि धाकटे दीर दोघंही आपापल्या चपलांकडे बघत बसले. नवऱ्याला आवाज सहन होत नाही. दिवाळीत तो खिडक्या लावून आतल्या खोलीत बसतो. दिरांचे जमिनीचे व्यवहार, त्यांना आणखी एक कागद नको होता. मला सासरे नेमबाजीच्या रेंजवर सोबत न्यायचे, नेम धरायला त्यांनीच शिकवलं होतं. मी म्हटलं, मी घेते. कागदपत्रं व्हायला वर्ष गेलं. त्या वर्षात दोघांपैकी कोणी रायफलचं नावही काढलं नाही.

रायफल घरी आली आणि दोघांनाही तिच्यातलं सगळं कळायला लागलं.

सुरुवात सळीवरून झाली. नळी आतून साफ करायची जुनी सळी तीन तुकड्यांची होती, मधला तुकडा वाकलेला. रेंजवर बंदुका दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ बसतात. त्यांनी ती सळी बघितली आणि बाजूला ठेवून दिली.

"मॅडम, ही आता वापरू नका. नवीन घ्या, एकसंध. जोडाची नको. वरून प्लास्टिकसारखा लेप असलेली बघा, म्हणजे नळीला आतून ओरखडा जात नाही. मूठ फिरती हवी, कारण नळीत पीळ असतात आणि सळी त्या पिळाबरोबर फिरली पाहिजे. आणि सळी घालायची ती बोल्ट, म्हणजे हा मागचा सरकता दांडा, काढून मागच्या बाजूनं. तोंडाकडून कधीच नाही."

मी फोनमध्ये सगळं लिहून घेतलं. काम संपलं, असं मला वाटलं.

रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं, ही चूक. दुसऱ्या दिवशी त्याने लॅपटॉपवर तक्ता केला. पितळ, स्टील, कार्बन फायबर, लांबी, वजन, लोकांनी दिलेले तारे. पंधरा दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. मी भाजी निवडत असले की तो येऊन विचारायचा, "पितळ मऊ असतं ना, मग त्यात कचरा रुतणार. मग?"

"मग लेप असलेली घे. सांगितलंय त्यांनी."

"पण एकसंध सळी तीन फूट असते. ठेवणार कुठे? आपल्या कपाटात मावणार नाही."

"रायफल मावते ना?"

यावर तो लॅपटॉपकडे परत गेला. मला वाटलं, पटलं.

रविवारी दीर आले. कामोठ्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये चहा होईपर्यंत त्यांनी कापडात गुंडाळलेली एक चकचकीत सळी टेबलावर ठेवली. गेट बनवणाऱ्याकडून करून आणलेली, वर वेल्डिंग केलेली मूठ.

"वैनी, स्टेनलेस हाय. मरेपर्यंत गंजनार नाय."

मी कपाटातून रायफल काढून आणली. सळी होती सहा मिलिमीटर, नळीचं भोक जेमतेम साडेपाच. ती शिरेना. दीर म्हणाले, "जरा तेल लावून ठोकू." मी रायफल त्यांच्या पुढ्यातून उचलली.

तेवढ्यात नवरा आतून एक खोका घेऊन आला. मला न विचारता त्याने तीन तुकड्यांची अ‍ॅल्युमिनियमची सळी मागवली होती. तक्त्यात तिला सगळ्यात जास्त तारे होते म्हणे. "फक्त दाखवतो," म्हणाला. गॅसवर दूध होतं, ते उतरवायला रायफल टेबलावर ठेवून मी मिनिटभर आत गेले. बाहेर आले तेव्हा त्याने टोकाला चिंधी बांधून सळी चक्क तोंडाकडून आत घातली होती. चिंधी जाड, सळी अडकलेली. तो ओढत होता आणि ओढता ओढता पिरगाळत होता. मी "थांब" म्हणेपर्यंत त्याच्या हातात दोन तुकडे आले. तिसरा नळीत राहिला.

दोघं भाऊ आळीपाळीने नळीत डोकावले.

"दिसतोय," नवरा म्हणाला.

"पक्कड हाय का घरात?" दिरांनी विचारलं.

माझा आवाज शेजारच्या फ्लॅटमध्ये गेला असणार. "कोणी हात लावायचा नाही! परवाना माझ्या नावावर आहे. घ्यायची वेळ आली तेव्हा दोघांच्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि आता एक लोहार झालाय, एक इंजिनिअर!" दीर चहा न पिता गेले. मी रायफल कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. मग बाथरूममध्ये जाऊन रडले. सासऱ्यांनी एवढी वर्षं जपलेली वस्तू माझ्या हातात येऊन दोन महिन्यांत बिघडली, हेच डोक्यात फिरत होतं.

सकाळी सुट्टी टाकून रेंजवर गेले. म्हाताऱ्या गृहस्थांनी बोल्ट काढला, मागून आपली एकसंध सळी घातली आणि हलकेच दाबली. तुकडा चिंधीसकट तोंडातून टेबलावर पडला. त्यांनी नळी उजेडाकडे धरून बराच वेळ बघितलं.

"काही झालं नाही. अ‍ॅल्युमिनियम होतं म्हणून वाचलात. कोणी केलं हे?"

"घरातलेच," मी म्हटलं. ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

त्यांनी सांगितलेल्या दुकानात गेले आणि पहिल्या दिवशी लिहून घेतलं होतं तसं वाचून दाखवलं. दुकानदाराने मागे वळून लांब नळकांड्यात घातलेली सळी काढली. पाच मिनिटंही लागली नाहीत, आणि त्याचाच मला पुन्हा नव्याने संताप आला. परत येताना पनवेल स्टेशनवरून शेअर रिक्षात बसले तर शेजारच्या बाईंना त्या लांब नळकांड्याचं टोक लागत होतं. "पडद्याचा रॉड का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

घरी बेडरूमचं दार आतून लावून मी नळी साफ केली. पहिली चिंधी काळीकुट्ट निघाली, दुसरी करडी, पाचवी जवळपास पांढरी. मूठ हातात स्थिर राहत होती आणि सळी पिळाबरोबर आपोआप फिरत होती. दाराबाहेर नवरा उभा होता.

"तेल कुठलं लावतेयस? मी जरा वाचलंय त्याबद्दल."

मी सहावी चिंधी सळीला लावली.