फ्रिजच्या नळीतलं पहिलं पाणी

नव्या प्लास्टिकच्या नळीचा वास आला की आईची पितळी कळशी आठवते. गिरणी संपात बाबांची नोकरी सुटली, तेव्हा लालबागच्या चाळीत शेजाऱ्यांचं पाणी भरून तिनं मला कॉलेजात शिकवलं. घरातली पहिली पदवीधर मीच. पुढे स्वतःच्या घरात फ्रिज घेतला, तोही थेट नळाला नळी जोडून दारातूनच गार पाणी देणारा. थकलेल्या आईनं आता काही उचलू नये, एवढंच मनात होतं. जोडण्याआधी नळी धुताना प्लंबर म्हणाला, "मावशी, हे पाणी जाऊ दे मोरीत, वास येतो." "मेल्या, पाणी कोण टाकता?" म्हणत तिनं कळशी नळीखाली धरली. कळशी भरली, पण कमरेवर येईना. आई तिथंच खाली बसली. "लोकांच्या कळश्या भरलंय, आपली एक उचलत नाय गो." मी ती उचलून कुंड्यांना घातली. त्यानंतर आई थोडेच महिने होती. त्या महिन्यांत तिनं पाणी भरलं नाही.