सैल केलेले बोल्ट

आमच्या ह्यांना गॅरेजमध्ये सगळे 'सावकाश' म्हणतात. काम कधी होईल असं कुणी विचारलं की ह्यांचं उत्तर ठरलेलं, सावकाश होईल. ठोकलेल्या गाडीचा पत्रा आधी तळहाताने चाचपतील, मग कुठे हातोडी उचलतील. स्वतःच्या लग्नालाही उशिरा आले होते. अशा माणसामुळे सगळ्या गॅरेजांची धावपळ उडावी, ह्याला काय म्हणायचं?

त्याच गॅरेजच्या काउंटरवर मी बसते. अपघाताची गाडी आली की कॉम्प्युटरवर दुरुस्तीचा अंदाज काढते. दार बदलायचं, बंपर काढायचा, प्रत्येक कामाला किती तास ते कॉम्प्युटरच सांगतो. विमा कंपनी तेवढेच तास मान्य करते आणि आमच्या माणसांची मजुरीही त्यावरच ठरते. हे तास एक कंपनी मोजून त्यात भरते. त्या कंपनीत माझा धाकटा दीर नोकरीला आहे.

दीर ह्यांच्यापेक्षा पुष्कळ लहान. त्याचं नावसुद्धा ह्यांनीच ठेवलं. वडील गेल्यावर ह्यांनी त्याला तळहाताच्या फोडासारखा जपला, शिकवला, आणि त्याला हातोडी मात्र कधी धरू दिली नाही.

एक दिवस तो आला. "दादा, आमचे आकडे जुने झालेत. ते अचूक करायचं काम माझ्याकडे आलंय. दार बदलायला किती वेळ लागतो ते तुझ्याकडे मोजतो. बऱ्याच गॅरेजांत मोजणार आणि मग सरासरी काढणार. पण पहिल्याच दिवशी माझे साहेब सोबत आहेत, जरा सांभाळून घे."

सांभाळून घे म्हटल्यावर हे पाघळले. आदल्या संध्याकाळी काउंटर बंद करताना पाहिलं, तर मोजमापासाठी ठेवलेल्या जुन्या गाडीच्या दारापाशी हे वाकून बसलेले. बिजागरीच्या गंजलेल्या बोल्टांना तेल सोडून, एकेक सैल करून, पुन्हा नुसता हाताने आवळून ठेवत होते.

"हे कशासाठी?" मी विचारलं.

"साहेबांसमोर बोल्ट अडकून बसला तर पोराची फजिती होईल. कुणाला बोलू नकोस."

दुसऱ्या दिवशी दार भराभर उतरलं. दीर घड्याळ घेऊन शेजारी उभा होता. साहेब खूश झाले. आणि नवे आकडे आले तेव्हा दार बदलायचा वेळ निम्म्यावर उतरला होता. बाकी कुठल्याच गॅरेजात कुणी मोजायला गेलं नव्हतं.

त्या वेळात दार बदलून दाखवणारा माणूस आमच्याकडे तरी नाही, खुद्द हेही नाहीत. मजुरी घटली. पेंटर, म्हणजे ह्यांचा जुना जोडीदार, एकदा सगळ्यांदेखत म्हणाला, "सावकाशनेच आमच्या मागे घाई लावली. भावासाठी आम्हाला विकलं." त्यानंतर ह्यांच्याबरोबर डबा खायला कुणी बसेना. हे मूग गिळून गप्प.

आकडा चुकला असेल तर कुठल्याही गॅरेजला तसं कळवता येतं. पण आधीचं मोजमाप कुणी केलं आणि ते का चुकलं, हेही त्यात लिहावं लागतं. मी मागे लागले की हे म्हणत, "पोराची नोकरी जाईल. बाकीची मोजमापं वरच्यांनी थांबवली असतील. आणि तेलाचं त्याला बिचाऱ्याला काय माहीत? चूक माझी."

परवा रविवारी दीर घरी आला, बढती मिळाली म्हणून सांगायला. हे आतल्या खोलीत स्टुलावर चढून पडद्याचा दांडा बसवत होते. मला राहवलं नाही. मी विचारलं, "बोल्टांना तेल होतं, ते तुम्हाला दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं की, वहिनी," तो सहज म्हणाला. "हात लावून पाहिला ना मी. बोल्ट बोटांनी फिरत होता."

"मग लिहिलं का नाहीत?"

"साहेबांना कमीच आकडा हवा होता. दुसरीकडे गेलो असतो तर वाढला असता. आणि दादा काय, आपलाच आहे. तो घेईल चालवून."

आतला खडखडाट थांबला होता. हे बाहेर आले आणि हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला. रागावतील, ओरडतील म्हणून मी वाट पाहिली. हे फक्त म्हणाले, "जेवून जा." दीर पोटभर जेवला. ह्यांनी ताटाला हात लावला नाही. केसाने गळा कापला होता त्या पोराने, आणि त्याच्या पानात भात मीच वाढत होते.

सोमवारी सकाळी ह्यांनी गॅरेजच्या मधोमध तशीच एक गंजलेली गाडी आणली. पेंटरच्या हातात घड्याळ दिलं. "बोल्ट मी सैल केले होते," हे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आणि त्याला ते माहीत होतं." मग दार उतरवलं, नवं चढवलं, ह्यांच्या नेहमीच्या चालीने. काम संपल्यावर पेंटरने ह्यांच्यासमोर पाण्याची बाटली धरली.

हे काउंटरवर आले, मला खरा वेळ सांगितला. मी टाइप करत गेले आणि एका रकान्यापाशी थांबले.

"आधी मोजणाऱ्याचं नाव विचारलंय," मी म्हटलं. "अजून विचार करा. घालू?"

ह्यांनी कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरच्या त्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं.

"घाल," म्हणाले. "पूर्ण घाल. मीच ठेवलंय ते."