हिरवा ठिपका

इंजिनिअर झालो त्या उन्हाळ्यात गावाने मला एकच प्रश्न विचारला : "लागला का?" काय लागला हे सांगायची कुणाला गरज वाटत नसे. पिठाच्या गिरणीत तेच, कटिंगच्या दुकानात तेच. मी मेकॅनिकलचा. कॉलेजात आलेल्या दोन कंपन्यांनी कॉम्प्युटरची पोरं उचलली आणि आम्हाला "कळवतो" म्हणून सांगितलं. अजून कळवतायत. जून संपेस्तोवर मी त्या प्रश्नाला इतका विटलो की घराबाहेर पडणंच सोडून दिलं. दिवसभर लॅपटॉपवर अर्ज भरायचे आणि आईने जेवायला हाक मारली की झाकण बंद करायचं. बाबा उजाडताच शेतात निघून जात. चिडले असते तर बरं झालं असतं.

आमचं गाव फुलसावंगीपासून थोडं आतल्या अंगाला. शेजारच्या काकांचं आणि आमचं शेत बांधाला बांध लागून, त्यामुळे त्यांचा आमच्या घरावर अर्धा हक्क. जुलैत एका सकाळी त्यांनी बॅटरीचा फवारणी पंप आणून आमच्या ओट्यावर ठेवला.

"इंजिनियर, पाहून दे बरं. बटन दाबलं का घुरघुर करते, पाणी काही फेकत नाही."

खोटं कशाला सांगू? चार वर्षांत पंप मी कागदावर तीन बाजूंनी काढला होता, बाण काढून भागांची नावं लिहिली होती, त्याला मार्कही पडले होते. हातात घेऊन उघडला मात्र कधी नव्हता. तरी पेचकस आणून चार स्क्रू काढले. पाचवा काढला तेव्हा आतून एक वॉशर उडालं ते थेट नालीत गेलं. काका बघत होते. मी शक्य तितक्या गंभीरपणे म्हणालो, "पार्ट आणावा लागेल. उमरखेडला जाऊन येतो."

पंप पोत्यात घातला आणि एसटी धरली.

उमरखेडच्या स्टँडमागे एका चाचांचं दुकान होतं. साठीचे, दोऱ्याने बांधलेला चष्मा, समोर पंपांचा आणि शेगड्यांचा ढीग. त्यांनी माझा पंप उलटा केला.

"किसने खोला ये?"

"मी."

"करते क्या?"

"इंजिनिअर आहे."

ते हसले नाहीत. त्याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे. दहा मिनिटांत त्यांनी पंप चालू केला, झाकण लावलं आणि बारीक ब्रशने प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर हिरव्या ऑइलपेंटचा एकेक ठिपका दिला. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाले, "मेरी निशानी. बाद में दूसरे ने खोला तो रंग टूटता है. मेरे को समझ जाता."

घरी येऊन काकांना पंप दिला आणि फक्त "झाला" म्हणालो. काकांनी तो उलटापालटा करून पाहिला. "वा रे पठ्ठ्या!" म्हणाले आणि पाठीवर अशी थाप मारली की मला ठसका लागला.

दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर रांग. कपाशीच्या फवारणीचे दिवस, गावातला प्रत्येक तिसरा पंप आजारी. कुणाची बॅटरी टिकत नाही, कुणाचा नोझल तुंबलेला. मी प्रत्येकाला "संध्याकाळी या" म्हणायचो आणि पोतं घेऊन स्टँडकडे निघायचो. भाव खात होतो, पण आत धाकधूक होती. एखाद्या दिवशी पितळ उघडं पडलं तर? नोकरी नाही ते एक वेळ चाललं असतं. पण चार वर्षं शिकून पोराला साधा पंप खोलता येत नाही हे गावाला कळलं असतं तर बाबांना चारचौघांत मान वर करता आली नसती.

चौथ्या फेरीला चाचांनी पोतं माझ्याकडेच सरकवलं. "मैं तेरा नौकर हूँ क्या? बैठ. हातमोजे पहन, पहले धो."

दोन आठवडे त्यांनी मला नुसते पंप धुवायला लावले. औषधाचा अंश राहिला तर हात लावायचा नाही, तीन पाण्याने धुतल्याशिवाय स्क्रूला पेचकस लावायचा नाही, यात सवलत नव्हती. मग खोलायला शिकवलं. पण खोलण्याआधी त्यांचा एक प्रश्न ठरलेला : "आखिरी बार क्या मारा था, पूछा क्या?" शेवटचं कोणतं औषध फवारलं, हे मी विचारलेलं नसायचंच. त्यांनी दोनदा मला तसंच परत पाठवलं. कारण पाण्यात कालवायची भुकटी मारून पंप न धुता ठेवला तर आतला वॉल्व्ह चिकटतो, आणि तेलकट औषध असलं तर रबर फुगतं. माणसाला विचारलं तर अर्धं काम पंप न खोलता होतं. पुस्तकात हे नव्हतं. निदान माझ्या पुस्तकात नव्हतं.

मग मी ओट्यावरच चौकशी करायला लागलो. काय मारलं, कधी मारलं, धुतला का. लोक खुशाल सांगायचे, त्यातून शेताच्या गोष्टी निघायच्या, आई चहा ठेवायची. "लागला का?" हे कुणी विचारेनासं झालं होतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

पोळ्याच्या आठवड्यात मी एक पंप पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने केला. पाण्याची धार दुकानाबाहेर रस्त्यावर गेली, एक बाई मला शिव्या देत गेल्या, मी खूश. पंप चाचांपुढे धरला. त्यांनी पाहिला, चालवला आणि परत दिला.

"चाचा, ठिपका?"

"वो मेरा काम नहीं है," म्हणाले आणि पुढचा पंप ओढला.

मला लागलं. म्हणजे माझं काम ठिपक्याच्या लायकीचं नाही तर. त्यानंतरही मी केलेल्या एकाही पंपावर त्यांनी रंग लावला नाही, आणि मीही हट्टाने विचारलं नाही.

पोळा झाल्यावर चार दिवसांनी बाबांनी आपला पंप माझ्यापुढे ठेवला. तोवर त्यांनी तो कधीच दिला नव्हता. "बंद पडला," एवढंच म्हणाले आणि गेले. उलटा केला तर स्क्रूंवर जुने हिरवे ठिपके! म्हणजे बाबा चाचांना ओळखत होते की काय? पण बाबांचं असल्या ठिपक्यांकडे कुठलं लक्ष, असं मी स्वतःला समजावलं. मी हात लावायच्या आधीच सगळ्या ठिपक्यांचा रंग तुटलेला होता. आत बाकी सगळं ठीक, बॅटरीची एक वायर तेवढी सुटलेली. ना गंजलेली, ना तुटलेली. पाच मिनिटांत जोडून दिली.

दिवाळीनंतर यवतमाळच्या एमआयडीसीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. फवारणी पंप बनवणारा छोटा कारखाना, मालकीणबाई स्वतः मुलाखत घेत होत्या. तक्रारीवरून परत आलेला पंप त्यांनी टेबलावर ठेवला. "यात काय बिघडलंय?"

मी म्हणालो, "यात शेवटचं काय फवारलं होतं?"

त्यांनी तक्रारीचा कागद पाहिला. मग पाठची बाजू पाहिली. "हे कुणी विचारलेलं नाही," म्हणाल्या. "तुम्ही जूनपासून काय करत होता?"

माझ्याजवळ पाठ केलेलं एक उत्तर होतं. पण समोर पंप होता, त्याच्यासमोर खोटं बोलवेना. मी सगळं सांगितलं. नालीतलं वॉशर, पोतं, एसटी, चाचा. पहिल्या तीन फेऱ्यांत मी फक्त हमाल होतो, हेही सांगितलं. बाई बराच वेळ हसल्या. आठ दिवसांनी फोन आला : सर्व्हिस इंजिनिअर म्हणून रुजू व्हा.

आईने देवापुढे साखर ठेवली. मी मात्र आधी शेजारी गेलो. इतक्या दिवसांचं ओझं होतं.

"काका, एक सांगायचं होतं. तुमचा तो पहिला पंप मी नव्हता केला."

"मले माहीत हाय."

"कसं?"

"अरे, तो हिरवा ठिपका मी तुह्या जन्माच्या आधीपासून पाहून राह्यलो. गावातले जुने पंप सारे त्या चाचाकडेच जात."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "मग मला पंप द्यायचे काहून?"

"तू घराबाहेर निघत नव्हता, बाप्पा. तुह्या मायनं जेवण सोडलं होतं. म्या म्हटलं, पोराले कायतरी निमित्त पाह्यजे." काका पान लावता लावता थांबले. "मंग पोळ्याच्या वक्ताले एक पंप बिनठिपक्याचा आला. तवाच म्या तुह्या बापाले जाऊन सांगतलं, हा पोरानं केला. तो चाचा कोणाचंच काम आपल्या नावावर घेत नाही."

चाचांनी रंग का लावला नव्हता, ते तेव्हा कळलं. मी इतके महिने ज्याचा राग धरून बसलो होतो तेच माझं सर्टिफिकेट होतं आणि ते अख्ख्या गावाने वाचलं होतं, माझ्याशिवाय. मी तिथेच काकांच्या पायरीवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. काका म्हणाले, "आता कायले रडतं? लागला न?"

घरी आलो तेव्हा बाबा अंगणात हातपाय धूत होते. त्यांचा पंप भिंतीला टेकलेला होता, स्क्रूंवर तोच तुटलेला जुना हिरवा रंग. मी विचारलं, "बाबा, पोळ्यानंतर तुमच्या पंपाची वायर सुटली होती. ती कशी सुटली?"

त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसलं.

"तुले जोडता आली न?" म्हणाले. "मंग झालं."