फिकट सही

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन मी मुलीकडे बहारीनला, रिफाला राहायला आलो होतो. खबर आणली जावयानं. त्याच्या ओळखीच्या, मूळच्या पुण्याच्या एका बँक अधिकाऱ्याकडे चोरी झाली होती आणि पोलिसांत जाण्याआधी त्यांना माझी मदत हवी होती. मदत म्हणजे काय, ते त्यांच्या बंगल्यात गेल्यावर कळलं.

"काका, तुम्ही खात्यातले. आमच्या ड्रायव्हरकडून पटकन वदवून घ्याल," ते म्हणाले.

या गृहस्थांना अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या सहीची जुनी पत्रं जमवण्याचा छंद. त्यातलं सगळ्यात लाडकं पत्र बैठकीत, मोठ्या काचेच्या दारासमोर टांगलेलं. आलेल्या पाहुण्याला ते दिसलंच पाहिजे. टाइप केलेला मजकूर, खाली शाईची सही. सही पूर्वी गडद निळी होती, आता फिकट दिसत होती. अस्सल पत्र विकून कुणीतरी रंगीत झेरॉक्स बसवली, असा गृहस्थांचा निष्कर्ष. कुणीतरी म्हणजे त्यांचा ड्रायव्हर, कणकवलीकडचा. फ्रेमची काच तडकली तेव्हा ती नईम नावाच्या फ्रेमवाल्याच्या दुकानात तोच घेऊन गेला होता. कबूल केलं नाही तर व्हिसा कॅन्सल आणि चोरीचा शिक्का घेऊन घरी परत.

मी ड्रायव्हरला बाजूला घेतलं. तो मान ताठ ठेवून बोलला.

"साहेब, मी दुकानात हुबो रवान काच बसवून घेतलंय. कागदाक हातसुद्धा लावूक नाय."

मुद्देमाल पाहिल्याशिवाय माणसाला दरडावायचं नाही, हा माझा ठाण्यातला नियम. मी फ्रेम उघडायला लावली. पत्राभोवती पुठ्ठ्याची चौकट होती आणि सहीचं शेपूट तिच्याखाली दडलेलं होतं. तेवढंच गडद निळं. पुठ्ठा संपला तिथून तीच रेघ फिकट झाली होती. पत्र अस्सल होतं, सही उन्हानं खाल्ली होती.

"बाकीची पत्रं कुठे आहेत?" मी गृहस्थांना विचारलं.

"आतल्या खोलीत. तिथे जाड पडदे लावलेत, ऊन लागू नये म्हणून."

"म्हणजे उन्हाचं तुम्हाला ठाऊक होतं."

ते घुटमळले. "डाउट आला होता, काका. पण फ्रेम त्याच्या हातात होती ना."

डाउट आला होता म्हणे! स्वतःच्या मिरवण्यापायी पत्राची वाट लावली आणि ते मान्य करण्यापेक्षा गरिबाला चोर ठरवणं या शिकल्यासवरल्या माणसाला सोपं वाटलं. त्यापेक्षा आमचे पाकीटमार बरे, पकडल्यावर निदान ओशाळतात तरी.

"खलास काका, विषय संपला," गृहस्थ म्हणाले.

ड्रायव्हर पुढे आला. "साहेबांनी गावाक माझ्या भावाक फोन केल्यानी, मी चोरी केलंय म्हणान. आता परत फोन करूक सांगा."

मी फोन लावायला लावला, स्पीकरवर.

"पत्र मिळालं बरं का. टेन्शन घेऊ नका," गृहस्थ म्हणाले.

पलीकडून भावाचा दमलेला आवाज आला. "म्हणजे तेना परत दिल्यान काय?"

इतका वेळ ताठ असलेली ड्रायव्हरची मान तेव्हा खाली गेली. मी गृहस्थांचा हात धरला. "फोन ठेवायचा नाही. त्यानं काही केलं नव्हतं, मी खोटा आळ घेतला, असं सांगा."

आरोप जिथवर पोचला तिथवर खरं पोचेपर्यंत केस बंद करू नये, हे मी निवृत्तीनंतर त्या बैठकीत शिकलो. गृहस्थ पुटपुटले. मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं, मोठ्यानं.