आईनं फोन उन्हात ठेवला

मंडळी, दुपारपासून डोकं चालंना, म्हणून इथं लिहायलोय.

चुडाव्याला घरी आलोय. सकाळपासून लाईट न्हाई. मोबाईलवर गेम ऐन रंगात आला आणि फोन बंद पडला. "बॅटरी उतरली," म्हणत मी अंगणात चकरा मारल्या, तारांकडं बघितलं आणि वैतागून झोपलो.

उठलो तर उशाचा फोन गायब.

आईनं तो पत्र्यावर ठेवला होता. खाली फडकं घालून, भर उन्हात. हातात धरवेना इतका तापलेला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "रेडिओचे सेल आमी असेच ठेवायचो की."

मग तिनं सांगितलं. नामांतराच्या दंगलीत एसटी बंद होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, परभणीत अडकलेले. त्यात रेडिओचे सेल उतरले. तिनं ते दिवसभर उन्हात ठेवले. संध्याकाळी रेडिओ बातम्यांपुरता बोलला. गाड्या सुरू झाल्याचं तिला तसं कळलं.

"तू लय बेचैन दिसलास," आई म्हणाली. "म्हणलं तुला बी कुणाची तरी खबर यायची असल. कोण अडकलंय, बाबा?"

मी तापलेला फोन फडक्यात गुंडाळून आत आणला.

आता लाईट आलीय, फोनही सुरू झालाय. गेम उघडायला मात्र मन होईना. आत्ताच तिनं चुलीजवळून विचारलं, "लागला का फोन? बरा हाय ना त्यो, अडकलेला?"

मी म्हणालो, "हो, बरा हाय."

तुमी असता तर काय सांगितलं असतं?